पिनबॉल यंत्रांचे जुने, न वापरलेले सुटे भाग कसे पारखावेत

शिकागोतील गॉटलीब, बॅली आणि विल्यम्स या कंपन्यांनी पिनबॉल यंत्रांबरोबरच (उतरत्या पाटावर पोलादी चेंडू खेळवण्याची यंत्रे) त्यांच्या दुरुस्तीसाठी लागणारे सुटे भागही मोठ्या संख्येने बनवले आणि वितरकांकडे पाठवले. गॉटलीबच्या यंत्रांचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, विल्यम्सने १९९९ मध्ये आपला पिनबॉल विभाग बंद केला. पण वितरकांच्या आणि दुरुस्ती करणाऱ्यांच्या गोदामांत उरलेला माल अजूनही बाजारात येत असतो. संग्राहक त्याला ‘न्यू ओल्ड स्टॉक’ किंवा थोडक्यात ‘एनओएस’ म्हणतात, आणि ही तीन अक्षरे लागली की किंमत चढते. या अक्षरांचा अर्थ मात्र इतकाच की तो भाग कोणत्याही यंत्रात बसवला गेलेला नाही. मधली तीस, चाळीस किंवा पन्नास वर्षे तो कुठे, कसा आणि कशाला टेकून पडून होता, हे त्यातून कळत नाही. म्हणून पारख करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत: भाग खरोखरच कोरा आहे का, आणि कोरा असला तरी काळाने त्याचे काय केले आहे.

कोरेपणाच्या खुणा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाकिटावर शोधू नये. कंपनीच्या छापील पाकिटात वापरलेला भाग भरून ठेवणे अगदी सोपे असते, आणि दुरुस्ती करणारे लोक जुना भाग नव्याच्या पाकिटात टाकून ठेवीत, त्यात फसवण्याचा हेतू असतोच असे नाही. तरीही पाकीट निरखण्यासारखे असते. कागदी पट्टीला मारलेली पिन गंजली असेल आणि तिच्याभोवती गंजाचा तपकिरी डाग कागदात मुरला असेल, तर ती पिन बहुधा मूळचीच आहे. पिनेशेजारी रिकामी छिद्रे दिसली, तर पाकीट केव्हातरी उघडले गेले आहे. पाकिटावरचा क्रमांक यंत्राच्या पुस्तिकेतील क्रमांकाशी पडताळावा. विल्यम्सच्या पद्धतीत ०३ ने सुरू होणारे क्रमांक साच्यातल्या प्लॅस्टिकच्या भागांचे आणि २३ ने सुरू होणारे रबराचे असतात, त्यामुळे पाकिटावर एक आणि आत दुसरेच, असा घोटाळा चटकन लक्षात येतो.

खरा पुरावा भागावरच असतो. कॉइलच्या (वीज दिली की चुंबक बनणाऱ्या तारेच्या वेटोळ्याच्या) पत्र्याच्या टोकांवर सोल्डरचा, म्हणजे तार जोडणाऱ्या वितळलेल्या धातूचा, पुसटसा थर दिसला, तर तार कधीतरी जोडलेली होती. टोक साफ केले तरी छिद्राच्या आतल्या कडेला चकाकी उरतेच. दिव्याच्या सॉकेटमध्ये भिंगातून पाहिले, तर वापरलेल्या सॉकेटच्या तळाच्या स्प्रिंगवर दिव्याचे टोक टेकून झालेला बारीक चकचकीत ठिपका दिसतो. प्लॅस्टिकच्या पट्टीच्या छिद्राभोवती वॉशरचे वर्तुळ उमटलेले असते, आणि खांबावर रबर बसत असे त्या खाचेत एक गडद कडी राहते. असा एकही ठसा नसलेला भाग कोरा मानण्यास हरकत नाही.

एक शक्यता मात्र लक्षात ठेवावी. न वापरलेला माल कधी कधी कारखान्याने नाकारलेला माल असतो. रंगांची छपाई एकमेकींवर नीट न बसलेले प्लेफील्ड (चेंडू ज्यावर फिरतो तो पाट) किंवा चुकीच्या जागी छिद्र पडलेली पट्टी यंत्रात गेली नाही, म्हणूनच कोरी राहिली असेल. भाग कोरा का राहिला, हा प्रश्न प्रत्येक वेळी स्वतःला विचारावा.

प्लेफील्ड

सर्वांत जास्त पैसा आणि सर्वांत जास्त निराशा याच भागात असते, म्हणून येथे घाई करू नये. प्लेफील्ड म्हणजे प्लायवुडचा पाट. त्यावर रंगांची छपाई असते आणि त्यात दिव्यांवरची पारदर्शक प्लॅस्टिकची इन्सर्ट चिकटवलेली असतात. लाकूड हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते, प्लॅस्टिक तसे करीत नाही, आणि दोघांमधला गोंद वर्षानुवर्षे वाळत जातो. गोदामात पडून राहिलेल्या प्लेफील्डचे बहुतेक दोष या एका कारणातून जन्मतात, आणि त्यासाठी त्यावर एकही चेंडू फिरण्याची गरज नसते.

प्रथम पाट सपाट टेबलावर ठेवून चारही कोपरे दाबून पाहावेत. लांबीच्या दिशेने थोडा बाक असेल, तर बाजूच्या पट्ट्यांवर कसताना तो बराचसा निघतो. पण समोरासमोरचे कोपरे डुगडुगत असतील, म्हणजे पाटाला पीळ पडला असेल, तर माझ्या मते तो घेऊ नये. नंतर पोलादी फूटपट्टी प्रत्येक इन्सर्टवर आडवी, पण आपल्या कडेवर उभी धरावी आणि पलीकडून विजेरीचा प्रकाश सोडावा. पट्टीखालून मधोमध प्रकाश झिरपला, तर इन्सर्ट वाटीसारखे खोल गेले आहे. पट्टी इन्सर्टवर टेकून दोन्ही बाजूंना फट पडली, तर ते वर आले आहे. खोलगट इन्सर्टवर चेंडू वळतो, वर आलेल्यावर उडतो. शेवटी डोळे मिटून बोटाचे नख कडेवरून फिरवावे, कारण कागदाच्या जाडीइतकी पायरीसुद्धा नखाला कळते.

इन्सर्टच्या परिघावरची छपाई वेगळी तपासावी. इन्सर्ट किंचित जरी हलले, तरी लाकूड आणि प्लॅस्टिक यांच्या सांध्यावरची शाई तुटते आणि काळ्या कडेत केसाएवढी फट दिसते. ही फट बसवणीनंतर वाढते. ती एकदोन इन्सर्टपुरती असेल, तर किमतीत घासाघीस करावी. बहुतेक इन्सर्टभोवती असेल, तर कोऱ्या मूळ पाटापेक्षा चांगल्या प्रतीचे नवे पुनरुत्पादन घेणे शहाणपणाचे ठरते. संग्रहासाठी भिंतीवर टांगायचे असेल तर गोष्ट निराळी.

लाकडाच्या रेषांना समांतर जाणाऱ्या लांबट चिरा तिरप्या प्रकाशातच दिसतात. दिवा पाटाच्या पातळीवर ठेवून दोन्ही दिशांनी पाहावे, कारण एका दिशेने लपलेली चीर दुसऱ्या दिशेने उठून दिसते. जुन्या यंत्रांवरचे लॅकर वर्षांनी पिवळे पडते आणि त्याला बारीक जाळी पडते. पांढऱ्या रंगाचा भाग बाजूच्या, झाकून राहिलेल्या पट्टीशी ताडून पाहिला की पिवळेपणाचा अंदाज येतो. विल्यम्सने १९९० च्या सुमारास ‘डायमंड प्लेट’ नावाचा कठीण पॉलियुरेथेन थर वापरण्यास सुरुवात केली. तो टिकाऊ असला, तरी खालचे इन्सर्ट हलणार नाही याची हमी तो देत नाही. पाट उलटा करून मागची बाजूही पाहावी: पाण्याचे डाग, पापुद्रे सुटलेल्या कडा आणि बुरशीचा वास यांवरून गोदामाची हकिगत कळते.

बॅकग्लास आणि छापील प्लॅस्टिक

बॅकग्लास म्हणजे यंत्राच्या मागच्या उभ्या पेटीवरची चित्राची काच; जुन्या बॅकग्लासवरची छपाई काचेच्या मागच्या बाजूला असते. वापरात दिव्यांच्या उष्णतेने ती सुटते हे सर्वांना ठाऊक आहे, परंतु दिवा कधीच न लागलेल्या काचेवरूनही ओलावा आणि तापमानातील चढउतार यांमुळे रंगाचे पोपडे निघू शकतात. काच उभी धरून मागून थंड एलईडी दिवा दाखवावा. जेथे रंग गेला आहे तेथे सुईच्या टोकाएवढे तेजस्वी ठिपके दिसतील. अधिक धोक्याचा दोष मात्र पुढून, साध्या उजेडात दिसतो: काचेपासून सुटलेला पण अजून न पडलेला रंग आजूबाजूच्या रंगापेक्षा फिका आणि धुरकट वाटतो. तो प्रवासात गळून पडेल, असेच धरून चालावे. मागच्या बाजूला बोट लावू नये, ओले फडके तर अजिबात फिरवू नये, आणि बांधणीचा कागद शाईला चिकटलेला असेल, तर तो तसाच राहू द्यावा, कारण कागद ओढला की चित्रही त्याच्याबरोबर येते.

खेळाच्या पाटावर बसणाऱ्या छापील प्लॅस्टिकच्या पट्ट्या काचेवर उपड्या ठेवून बाक तपासावा. एकावर एक सपाट ठेवलेला संच सहसा सरळ राहतो. उभा किंवा गुंडाळलेला संच वळतो. प्लॅस्टिक आकसलेही असू शकते, म्हणून दोन टोकांच्या छिद्रांमधील अंतर शक्य असल्यास यंत्रातील खांबांशी मोजून पाहावे. एक-दोन मिलिमीटरचा फरक पडला, तर पट्टी ताणून बसवावी लागते आणि स्लिंगशॉटच्या (चेंडूला झटक्याने उडवणाऱ्या रबरी भागाच्या) पहिल्याच धक्क्याला छिद्रापासून तडकते. संचातील पट्ट्या पुस्तिकेतील यादीशी मोजाव्यात. बहुधा स्लिंगशॉटच्याच पट्ट्या गायब असतात, कारण गरज त्यांचीच पडत असे.

मूळ आणि पुनरुत्पादित छपाई ओळखण्यासाठी भिंग हवे. जुन्या स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाचा सलग, दाट थर दिसतो, तर आधुनिक डिजिटल छपाईत त्याच जागी रंगीत ठिपक्यांची जाळी दिसते. मात्र १९८० नंतरच्या कित्येक यंत्रांत काचेऐवजी ट्रान्सलाइट म्हणजे छापील प्लॅस्टिकची पातळ पत्री आली, आणि त्यांची मूळ छपाईच ठिपक्यांची आहे. तेथे केवळ ठिपके पाहून नकली ठरवणे अन्यायाचे होईल.

रबर

जुने कोरे रबर वापरू नये. नैसर्गिक रबर हवेतल्या ओझोनने पाकिटातही कडक होते आणि बोटावर ताणले की बाहेरच्या वळणावर चिरा उघडतात. रबराचे पाकीट प्लॅस्टिकच्या भागांना चिकटून पडलेले असेल, तर त्या भागांवर डाग पडले आहेत का, तेवढे पाहावे.

कॉइल, स्विच आणि यांत्रिक भाग

कोऱ्या जुन्या मालात सर्वांत भरवशाची वस्तू म्हणजे कॉइल. विल्यम्सच्या कॉइलवर ‘एई-२३-८००’ असे लिहिलेले असेल, तर २३ हे तारेचे गेज (जाडीचा क्रमांक) आणि ८०० हे वेढे. त्यावरून रोध किती असावा याचा अंदाज येतो, या कॉइलचा तो ४ ओहमच्या थोडा वर भरतो. इतका कमी रोध मोजताना मल्टिमीटरची दोन्ही टोके आधी एकमेकांना टेकवून तारांचा स्वतःचा रोध वजा करावा. वाचन शून्याजवळ आले, तर वेढे आतल्या आत जोडले गेले आहेत किंवा कॉइलवरचा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) निकामी झाला आहे. काहीच वाचन आले नाही, तर बारीक तार टोकाशी तुटली आहे, आणि ती भिंगाखाली अनेकदा दिसतेही. फ्लिपरच्या (खेळाडू बटणाने हलवतो त्या चेंडू मारणाऱ्या दांडीच्या) कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात, म्हणून तिन्ही टोके जोडीजोडीने मोजावीत: जाड तारेचे वेटोळे मोजके काही ओहम दाखवते, बारीक तारेचे त्याच्या कितीतरी पट. डायोड वेगळा तपासायचा, तर त्याचे एक टोक सोडवावे लागते आणि मग कॉइल कोरी राहत नाही. विकत घेण्याआधी त्याच्या काचेला किंवा आवरणाला तडा नाही, एवढ्यावर समाधान मानावे.

स्विचच्या चांदीच्या टोकांवर आलेला काळसर थर घाबरवणारा दिसतो, पण तो घासणीच्या पातळ पट्टीने निघतो. मोठ्या प्रवाहाच्या स्विचची टंगस्टनची टोके कानशीने घासता येतात; सोन्याचा मुलामा असलेल्या टोकांना कानस लावली, तर मुलामाच जातो. विद्युत-यांत्रिक यंत्रांतील स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरणारा स्विच) आणि रिले (चुंबकाने चालणारा स्विच) यांत कारखान्याचे वंगण वाळून डिंकासारखे झालेले असते. हाताने फिरवल्यावर स्टेपर मधेच अडला, तर जोर लावू नये. तो सुटा करून साफ केला की बहुधा नीट चालतो, म्हणून एवढ्या कारणावरून नाकारू नये.

धातूच्या दिखाऊ भागांत, म्हणजे पाय, बाजूच्या पट्ट्या आणि पुढचा आडवा दांडा यांत, क्रोमवरचे डाग आणि खड्डे यांतला फरक नखाने ओळखावा. डाग निघतो, खड्डा राहतो. चेंडू स्वस्तात नवे मिळतात. गंजाचा एक जरी टिपका असलेला जुना चेंडू प्लेफील्ड खरवडतो, तेव्हा तो टाकूनच द्यावा.

सर्किट बोर्ड

बॅलीच्या १९७७ नंतरच्या मुख्य बोर्डावर आणि गॉटलीबच्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक पिढीच्या बोर्डावर निकेल-कॅडमियमची बॅटरी सोल्डर केलेली असे. बोर्ड यंत्रात गेला नाही, तरी बॅटरी गळायची ती गळतेच. बॅटरीभोवतीची हिरवी किंवा पांढुरकी पूड हा फक्त दिसणारा भाग झाला; क्षार तांब्याच्या रेषांवरून पुढे सरकतो आणि सॉकेटच्या खाली शिरतो, म्हणून जवळच्या चिपचे पाय आणि सॉकेटच्या कडा भिंगातून पाहाव्यात. चिपचे पाय काळे पडले असतील, तर त्यांना हात लावू नये. चांदीचा मुलामा असलेले असे पाय सॉकेटमधून काढताना मोडतात. गॉटलीबच्या त्या पिढीतील रॉकवेलच्या चिपांना मूळ स्वरूपात पर्याय मिळणे कठीण असल्याने त्यांची अवस्था किंमत ठरवते.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) पडून राहिल्यानेही बिघडतात. फुगलेले किंवा ओघळलेले तर बदलावेतच, पण वरून धड दिसणारे जुने मोठे फिल्टर कपॅसिटरही पूर्ण दाबाची वीज देण्याआधी बदललेले बरे. ईप्रॉममधील (यंत्राचा प्रोग्रॅम साठवणाऱ्या चिपमधील) माहिती काही दशकांत पुसट होऊ शकते, म्हणून ती वाचून मूळ प्रतीशी जुळवावी.

दूरवरून खरेदी करताना विक्रेत्याकडे नेमकी छायाचित्रे मागावीत: प्लेफील्डचे तिरप्या प्रकाशातले आणि पट्टी आडवी ठेवलेले, काचेचे मागून उजेड टाकलेले, कॉइलच्या टोकांचे जवळून आणि बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे. पाकीट फोडायला विक्रेता तयार नसेल, तर त्याचे म्हणणे एका अर्थी बरोबर असते, कारण बंद पाकिटाला संग्राहक वेगळे पैसे देतात. पण यंत्रात बसवण्यासाठी भाग हवा असेल, तर न पाहिलेल्या भागाला बंद पाकिटाची किंमत देऊ नये.