काचबिंदू: या चुका टाळा, डोळा स्वतःहून काही सांगत नाही

डोळ्यांच्या ओपीडीत फील्ड टेस्ट (समोर बघताना कडेचं किती दिसतं ते मोजायची तपासणी) घ्यायचं काम मी गेली 12 वर्षं करतेय आणि काचबिंदूच्या, म्हणजे डोळ्याची नस बहुतेक वेळा हळूहळू खराब करणाऱ्या आजाराच्या (ग्लॉकोमा) बाबतीत त्याच त्याच चुका बघून आता खरंच जीव तुटतो, म्हणून लिहितेय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे 'मला दिसतंय की' म्हणून ड्रॉप्स बंद करणं. माझ्या सख्ख्या मामानेच केली. मामा टेम्पो चालवायचा, पन्नाशीत काचबिंदू निघाला, रोज रात्री एक थेंब घालायचा एवढंच काम. तीन महिने घातले, मग डोळे लाल होतात, फरक तर काहीच वाटत नाही, बाटली पण महाग, म्हणून सोडले आणि घरात कुणाला सांगितलं पण नाही. चार वर्षांनी बाजूने आलेली मोटरसायकल त्याला दिसलीच नाही. नशिबाने कुणाला फार लागलं नाही, पण मी त्याला हाताला धरून तपासायला नेलं. तक्त्यावरची शेवटची ओळ त्याने धडाधड वाचली, आणि फील्डचा रिपोर्ट मात्र दोन्ही डोळ्यांचा कडेने काळा! काचबिंदूत बहुतेक वेळा आधी कडेची नजर जाते, मधली बरीच उशिरापर्यंत टिकते आणि एका डोळ्याची कमी दुसरा झाकून घेतो, मग कळणार कसं? डोळ्याची नस एकदा गेली की परत येत नाही. ड्रॉप्स नजर वाढवायला नसतातच, उरलेली वाचवायला असतात, त्यामुळे फरक वाटला नाही तरी घालत राहायचे. मामाने शेवटी टेम्पो विकला.

मी सगळ्यांना सांगते, बाटली टूथब्रशजवळ ठेवा. थेंब घातला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा, दोन वेगळे ड्रॉप्स असतील तर मध्ये 5 मिनिटं सोडा. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, टिमोलॉलचे ड्रॉप्स दम्याला चालत नाहीत.

दुसरी चूक, जिचा मला भयंकर राग येतो, ती म्हणजे मेडिकलमधून परस्पर ड्रॉप्स आणणं. दर उन्हाळ्यात डोळे खाजणारा एक मुलगा आला होता, दहावीतला. डॉक्टरांनी दोन आठवड्यांसाठी दिलेले स्टिरॉइडचे ड्रॉप्स आईने त्याच जुन्या चिठ्ठीवर दोन वर्षं आणले, कारण घातले की लगेच बरं वाटतं. डोळ्याच्या आतलं प्रेशर (ते वाढलं की नस खराब होऊ शकते) साधारण 10 ते 21 mmHg असतं, त्याचं 38 निघालं आणि नसेचं नुकसान झालेलं होतं. स्टिरॉइडच्या गोळ्या, इनहेलर, डोळ्याभोवती लावायची क्रीम, यातलं काहीही बरेच दिवस चालू असेल तरी प्रेशर तपासून घ्या.

बाकीच्या चुका पटापट सांगते. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं होत नाही, चाळिशीनंतर प्रेशर आणि नस दोन्ही डॉक्टरांकडून बघून घ्या, आणि आईवडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल, डायबिटीस असेल, मायनस नंबर मोठा असेल, डोळ्याला कधी मार लागला असेल तर त्याआधीच. बीपी नॉर्मल आहे म्हणजे डोळ्याचं प्रेशर नॉर्मल असं नाही, आणि ते नॉर्मल असूनही काचबिंदू होऊ शकतो. 'मोतीबिंदू असेल, पिकू दे' म्हणून घरी बसू नका. डोळा लाल, प्रचंड दुखतोय, दिव्याभोवती रंगीत वलयं आणि उलट्या, असं झालं तर तो अचानक आलेला काचबिंदू असू शकतो, ॲसिडिटीची गोळी घेऊन झोपू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. काचबिंदू असेल तर शीर्षासन नको, चालायला जा. डोळ्यात मध घालू नका, प्लीज. आणि 'एकदाच लेसर मारून मोकळं करा' असं म्हणणाऱ्यांना सांगते, लेसरचा उपयोग होतो पण तपासणी आयुष्यभर चुकत नाही.

मामाचं कळल्यावर आईला आणि मावशीला पण नेलं. आई ठीक निघाली, मावशीला अगदी सुरुवातीचा काचबिंदू होता. सहा वर्षं झाली, रात्री साडेनऊला ती थेंब घालते आणि मला 'घातला गं' म्हणून मेसेज करते, तिची फील्ड अजून पहिल्या दिवशी होती तशीच आहे.