म्यूझस्कोअरमध्ये व्हायोलिनचे हार्मोनिक्स योग्य स्वरात कसे वाजवून घ्यावेत

हार्मोनिक म्हणजे तारेला बोटाचा हलका स्पर्श करून काढलेला उंच स्वर. व्हायोलिनसाठी कृत्रिम हार्मोनिक लिहिले की कागदावर दोन स्वर दिसतात आणि कानाला तिसराच ऐकू येतो. खालचा स्वर एका बोटाने पक्का दाबायचा असतो, त्याच्यावर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराने दाखवलेल्या जागी दुसऱ्या बोटाचा केवळ स्पर्श ठेवायचा असतो, आणि प्रत्यक्षात निघणारा स्वर या दोन्हींच्या बराच वर असतो. म्यूझस्कोअर हा स्वरलेखनाचा संगणक-प्रोग्राम मात्र कागदावरचे दोन्ही स्वर साधे समजून एकदम वाजवतो. त्यामुळे रचनाकाराला जो ध्वनी ऐकू येतो, तो वाद्यवृंदात कधीच निघणार नसतो. बासरीच्या सुरात मिसळतील असे वाटलेले हार्मोनिक्स तिच्याही वर जाऊन बसतात, आणि ही चूक थेट तालमीत कळते. ती टाळण्याचा मार्ग थोडा खटाटोपाचा असला तरी भरवशाचा आहे. वादकासाठी लिहिलेले स्वर जसेच्या तसे ठेवून त्यांना मुके करायचे, आणि खरा स्वर वेगळा लिहून लपवायचा.

त्यासाठी आधी खरा स्वर कोणता, हे नेमके ठरवावे लागते. तारेची संपूर्ण लांबी जिथे समान भागांत विभागली जाते तिथे निस्पंद, म्हणजे स्थिर राहणारा, बिंदू असतो, आणि तिथे बोट टेकवले की तार तितक्या भागांत कंप पावते. दाबलेल्या स्वराला षड्ज मानले तर शुद्ध मध्यमाच्या जागी स्पर्श केल्यावर तारेचे चार भाग होतात आणि दोन सप्तके वरचा षड्ज निघतो. पंचमाच्या जागी स्पर्श केल्यास तीन भाग होतात आणि तार सप्तकातला पंचम मिळतो. शुद्ध गंधाराच्या जागी स्पर्श केल्यास पाच भाग होऊन दोन सप्तके वरचा गंधार ऐकू येतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा, आपण ज्याला स्वयंभू गंधार म्हणतो, तो हाच पाचवा आंशिक स्वर, म्हणजे तार पाच भागांत कंप पावल्यावर निघणारा स्वर, आहे. त्यामुळे ज्यांचा कान तानपुऱ्यावर तयार झाला आहे, त्यांना हा हिशेब परका वाटण्याचे कारण नाही.

उदाहरणासाठी मधल्या सी या स्वराला सी४ म्हणू, म्हणजे आकडा सप्तक दाखवतो. व्हायोलिनच्या डी तारेवर ई४ दाबला आणि त्याच्या मध्यमाच्या जागी, म्हणजे ए४ वर, स्पर्श ठेवला, तर ई६ वाजला पाहिजे. कृत्रिम हार्मोनिक्समध्ये हेच मध्यमाचे अंतर सर्वाधिक वापरले जाते, म्हणून पुढची कृती त्यावरच दाखवतो.

पहिल्या व्हॉइसमध्ये, म्हणजे एकाच पट्टीवरच्या स्वरांच्या पहिल्या स्वतंत्र ओळीत, ई४ लिहावा आणि त्याच स्वरसंघात ए४ जोडावा. ए४ चे डोके निवडून नोटहेड्सच्या पॅलेटमधले पांढऱ्या चौकटीचे चिन्ह लावावे. साधी चौकट निवडली तर एक मात्रेच्या स्वराला ती काळी भरलेली येते, पण कृत्रिम हार्मोनिकमध्ये चौकट स्वराची लांबी कितीही असली तरी पोकळ ठेवण्याची रीत आहे, म्हणून हा बारकावा पाळावा. त्यानंतर दोन्ही स्वरांची डोकी निवडून प्रॉपर्टीज पॅनेलमधली 'प्ले' ही खूण काढावी. आता हे स्वर दिसतील, छापले जातील, पण वाजणार नाहीत.

मग दुसऱ्या व्हॉइसमध्ये त्याच जागी, तितक्याच लांबीचा ई६ लिहावा. तो पहिल्याच स्वरसंघात घालण्याचा मोह टाळावा, कारण मग स्वराची दांडी त्या लपवलेल्या स्वरापर्यंत ताणली जाते आणि छापील पानावर उंच, अर्थहीन रेघ उरते. दुसऱ्या व्हॉइसमध्ये आपोआप आलेली विश्रामचिन्हे डिलीट करता येतात. मोठ्या उताऱ्यात एकेक स्वर लपवत बसण्यापेक्षा आधी सगळे ई६ सारखे स्वर लिहून घ्यावेत, सिलेक्शन फिल्टरमध्ये फक्त दुसरा व्हॉइस चालू ठेवावा, संबंधित मापे निवडावीत आणि व्ही ही कळ दाबावी. अशाने डोक्यांबरोबर दांड्याही लपतात. पहिल्या व्हॉइसच्या दांड्यांची दिशा या सगळ्यात उलटली असेल, तर त्या निवडून एक्स ही कळ दाबल्यावर पूर्ववत होतात. लपवलेले स्वर पडद्यावर फिकट दिसत राहतात, आणि ते दिसत असणेच सोयीचे आहे. पुढे खालचा स्वर बदलला तर वरचाही बदलायचा आहे, याची आठवण त्यामुळे राहते.

नैसर्गिक हार्मोनिक्समध्ये दाबलेला स्वर नसतो, मोकळ्या तारेवरच स्पर्श असतो. इथे लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत आणि गोंधळ बहुतेक वेळा त्यांच्यामुळेच होतो. स्वरावर लहान वर्तुळ काढले असेल, तर सामान्यतः लिहिलेला स्वरच वाजायचा असतो आणि काहीही लपवावे लागत नाही. चौकट काढली असेल, तर ती स्पर्शाची जागा असते आणि खरा स्वर काढावा लागतो. ए तारेवर डी५ च्या जागी चौकट असेल तर ए६ वाजतो, ई५ च्या जागी असेल तर ई६, आणि सी-शार्प५ च्या जागी असेल तर सी-शार्प७. एफ-शार्प५ च्या जागी स्पर्श केला तरी सी-शार्प७ च निघतो, कारण तो बिंदूही तारेचे पाच समान भाग करणाऱ्या बिंदूंपैकीच एक आहे. तारेच्या बरोबर मध्यावर, म्हणजे ए५ च्या जागी, स्पर्शाचा स्वर आणि ऐकू येणारा स्वर एकच असतो. कोणत्या तारेवर वाजवायचे, हे नैसर्गिक हार्मोनिकमध्ये लिहिलेच पाहिजे. वादकाला त्याची गरज असतेच, पण आपला हिशेबही त्याशिवाय पक्का होत नाही.

डबल बास लिखित स्वरापेक्षा एक सप्तक खाली वाजतो, म्हणून त्याच्या पट्टीवर लपवायचा स्वर अपेक्षित ध्वनीच्या एक सप्तक वर लिहावा.

स्वर बरोबर आला तरी सूक्ष्म फरक उरतो. पाचवा आंशिक स्वर पियानोच्या समविभाजित गंधारापेक्षा सुमारे 14 सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो, तर तिसऱ्याचा फरक जेमतेम 2 सेंटचा असतो. तिसऱ्या आणि चौथ्या आंशिकासाठी काहीच बदलू नये. पाचव्यासाठी मात्र, विशेषतः तो लांब धरलेला असेल तर, लपवलेल्या स्वराच्या ट्युनिंगमध्ये उणे 14 सेंट द्यावेत. हाच गंधार ओबोसारख्या वाद्याला त्याच वेळी दिला असेल तर कानाला बोचणारे काय आहे, हे तेव्हा लगेच कळते.

ध्वनीचा पोत हा याहून अवघड भाग आहे. सहाव्या सप्तकातला साधा व्हायोलिनचा ध्वनी टोकदार असतो, तर हार्मोनिक बासरीसारखा पोकळ आणि हलका असतो. उतारा लांब असेल तर दुसऱ्या व्हॉइसऐवजी खऱ्या स्वरांसाठी स्वतंत्र वाद्यपट्टी जोडावी, मिक्सरमध्ये तिला बासरीचा किंवा आपल्या ध्वनिसंग्रहात असल्यास हार्मोनिकचाच आवाज द्यावा, तिची पातळी कमी करावी आणि वाद्यांच्या यादीतून ती पट्टी लपवावी. लपवल्यावर एकदा वाजवून खात्री करून घ्यावी. दोन-चार स्वरांसाठी एवढा व्याप करू नये.

सिबेलियस हा स्वरलेखनाचा दुसरा प्रोग्राम वापरणाऱ्यांना हीच कृती लागू पडते. तिथे स्वर मुके करण्यासाठी इन्स्पेक्टरमधल्या 'प्ले ऑन पास'च्या खुणा काढाव्या लागतात. डोरिको या तिसऱ्या प्रोग्राममध्ये प्रॉपर्टीजच्या हार्मोनिक्स विभागात नैसर्गिक की कृत्रिम हा प्रकार आणि कितवा आंशिक स्वर हे सांगितले की चौकट तोच काढतो.

रचना दुसऱ्या कुणाला म्युझिक-एक्सएमएल या, वेगवेगळ्या स्वरलेखन-प्रोग्राममध्ये उघडणाऱ्या, फाइल-स्वरूपात पाठवायची असेल, तर लपवलेले स्वर तिथे उघडे पडण्याची शक्यता असते. म्हणून पाठवण्यापूर्वी फाइलची एक प्रत काढून त्या प्रतीतले लपवलेले स्वर पुसावेत, आणि वादकांच्या स्वतंत्र प्रती छापण्याआधी प्रत्येक हार्मोनिकपाशी थांबून पानावर केवळ दाबायचा स्वर आणि स्पर्शाची चौकट एवढेच उरले आहे ना, हे पाहून घ्यावे.