अ‍ॅक्वा टॉवर पाहून सोलापुरात छज्जा किती काढावा

अमेरिकन वास्तुविशारद जीन गँग यांनी 1997 मध्ये शिकागोत स्टुडिओ गँग ही आपली फर्म सुरू केली. त्यांचा 82 मजली अ‍ॅक्वा टॉवर तिथेच 2009 मध्ये उभा राहिला, 2011 मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मानाचा सन्मान मिळाला आणि पुढे शिकागोतच त्यांचा 101 मजल्यांचा सेंट रेजिस टॉवर झाला. घर बांधणाऱ्याने मात्र अ‍ॅक्वा नीट पाहावा. त्याची स्लॅब दर मजल्याला वेगळी बाहेर येते, काही ठिकाणी 12 फुटांपर्यंत. त्या लाटा केवळ शोभेच्या नाहीत. ऊन, वारा आणि बाहेरचं दृश्य यांचा त्यात विचार आहे. आपण घ्यायचा तो हाच विचार. 12 फुटांच्या नादी लागू नये.

सोलापूर 17.7 अक्षांशावर आहे. दक्षिणेची 4 फूट उंच खिडकी धरा आणि चौकटीच्या वरच्या कडेलगत 2 फूट छज्जा काढा. फेब्रुवारीअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत भर दुपारी पूर्ण खिडकी सावलीत राहते. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून 49 अंशांवर असतो, सावली सव्वादोन फुटांपर्यंतच उतरते आणि थोडं ऊन आत येतं. ते थंडीत हवंच असतं. छज्जा खिडकीच्या दोन्ही बाजूंना फूटभर जास्त घ्या, नाहीतर तिरपं ऊन कडेने शिरतं.

पश्चिमेला हे गणित चालत नाही. सूर्य समोर 30 अंशांवर आला की त्याच खिडकीला जवळपास 7 फूट छज्जा लागेल. तिथे उभी जाळी लावा किंवा बाहेरून बांबूची चिक सोडा. काचेच्या आत पडदा लावून उपयोग नाही, तोवर उष्णता घरात आलेली असते.

छज्जे पडतात ते बहुतेक लोखंडी गजांच्या चुकीमुळे. मुख्य गज वरच्या बाजूला हवेत, कारण ताण वर येतो. काँक्रीट ओतताना मजूर त्यावर पाय देतात, गज खाली दबतात आणि भिंतीलगत वरून तडा जातो. म्हणून गजांखाली पक्क्या खुर्च्या (गज उचलून धरणारे लोखंडी आधार) द्या, ओतताना उभे राहून पाहा. गज स्लॅबमध्ये किंवा बीममध्ये किती आत न्यायचे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या. उन्हाळ्यात 14 दिवस पाणी मारा. टेकूही तितके दिवस ठेवा आणि काढताना टोकाकडून भिंतीकडे या. खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी खाच ठेवा.

अ‍ॅक्वातली एक उणीवही लक्षात घ्या: बाहेर आलेली स्लॅब आतल्या स्लॅबशी अखंड असल्याने शिकागोच्या थंडीत घरातली ऊब तिच्यातून बाहेर जाते. सोलापुरात उलट होतं, तापलेला छज्जा उष्णता आत ढकलतो. वरचा भाग पांढरा रंगवा.