कोहिमा पडलं तर सोलापुरात काय मिळेनासं होईल? महायुद्धानंतरचं पर्यायी जग रचण्याची रीत

गोष्टीसाठी महायुद्धाने उद्ध्वस्त झालेलं पर्यायी जग रचायला बसलं की बहुतेकजण आधी नकाशा रंगवतात. कोणता देश कोणी गिळला, कोणती राजधानी बेचिराख झाली हे सगळं ठरतं, पण त्या जगातला माणूस सकाळी उठून भाकरी कशाची खातो, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसतं. म्हणून नकाशा शेवटी काढा. आधी एक गाव घ्या आणि त्याच्या बाजारात काय मिळेनासं झालंय, ते शोधा. इथे उदाहरणाला सोलापूर घेतलं आहे. तुमचं गाव दुसरं असेल तर नावं बदलतील, रीत हीच राहील.

फाटा एकच, आणि त्याला तारीख हवी

खरा इतिहास जिथे सोडायचा ती जागा म्हणजे फाटा. तो लहान असावा आणि खऱ्या इतिहासातही पारडं कुठेही झुकू शकलं असतं अशा ठिकाणी असावा. आपण एप्रिल १९४४ घेऊ. जपानच्या ३१ व्या डिव्हिजनने आजच्या नागालँडमधल्या कोहिमाला वेढा घातला होता. निघताना सैनिकांजवळ जेमतेम तीन आठवड्यांची शिधासामग्री होती, पुढचं पोट शत्रूच्या साठ्यांवर भरायचा बेत होता. कोहिमा टिकलं, मागचा दिमापूरचा प्रचंड डेपो वाचला आणि उपाशी सैन्य माघारी फिरलं. आपल्या जगात कोहिमा पडतं आणि दिमापूर जपान्यांच्या हाती लागतं. बदल एवढाच.

फाट्याच्या आधीचं काहीही हलवायचं नाही. भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. ते सोलापूरला परत यावेत असं कितीही वाटलं तरी या फाट्यात ते शक्य नाही. त्यासाठी फाटाच मागे न्यावा लागेल आणि मग कोहिमा सोडावं लागेल. उलट, आधीचं जे घडलंय ते मोकळ्या हाताने वापरा. मे १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले चार हुतात्मे हे या जगातही घडलेलंच आहे. मार्शल लॉच्या वेळी सोळा वर्षांचा असलेला गिरणी कामगार १९४४ मध्ये तिशीचा आहे. तेव्हाचा गोळीबार त्याने पाहिलेला आहे. प्रत्येक पात्राचं फाट्याच्या दिवशीचं वय काढून ठेवा, अर्धा स्वभाव तिथेच कळतो.

साखळी कोळशाची

इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. दिमापूर पडल्याने सोलापूरचं काय बिघडलं? सैन्यामागे धावत गेलात तर फसाल. जपानी फौज झरियाच्या कोळसा खाणींपर्यंत आणायचा मोह होतो, पण ते अंतर आणि मधली ब्रह्मपुत्रा पाहता वाचक तिथेच पुस्तक मिटेल. फौज यायची गरजही नाही. आघाडी मागे सरकली की इंजिनं, वॅगन आणि कोळसा सगळं पूर्वेकडे ओढलं जातं. देशाचा बहुतेक कोळसा राणीगंज आणि झरियाचा, म्हणजे तोही त्याच बाजूचा. समुद्रमार्गे बदली कोळसा आणावा, तर कोहिमाचा वेढा चालू असतानाच १४ एप्रिल १९४४ ला मुंबई बंदरात ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट होऊन गोदी उडालेली. हा स्फोट खरा आहे, आपण घडवलेला नाही. चांगला फाटा निवडला की खरा इतिहास असा आपणहून हाताशी येतो.

मग सोलापूरच्या गिरण्यांना कोळसा मिळणार कुठून? सिंगरेणीचा. आणि सिंगरेणी निजामाच्या राज्यात. वाडी जंक्शनमार्गे ब्रॉडगेजची वाट आधीपासून आहे, वॅगन थेट सोलापूरला येऊ शकते. म्हणजे कोहिमाच्या लढाईने हैदराबादच्या हातात सोलापूरच्या गिरण्यांचा भोंगा दिला.

खऱ्या इतिहासात १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गच्या रस्त्याने संस्थानात शिरलं आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. तुमच्या जगात त्या सैन्याला सोलापूरला आणणारी आगगाडीच निजामाच्या कोळशावर चालते. ही कारवाई, म्हणजे पोलीस ॲक्शन, होणारच नाही असं म्हणू नका, किती दिवसांचा कोळसा साठल्यावर होईल ते ठरवा. त्या साठ्याचा आकडा ज्या कारकुनाला माहीत आहे तो तुमच्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा माणूस. बाजारातही खूण दिसू द्या. तेव्हा साधारण सात हाली (निजामाच्या) रुपयांना सहा कलदार (ब्रिटिश) रुपये पडत. कोळसा विकणाऱ्याची बाजू वर गेली की हा दर बरोबरीला येईल. पेढीवर कोणी ‘सहाला सहा’ म्हणालं की वाचकाला सत्तापालट कळतो, परिच्छेदभर समजावून सांगावं लागत नाही.

अणुबाँब कपाटात ठेवू नका

हमखास होणारी चूक ही. युद्ध १९५० पर्यंत लांबवायचं आणि अणुबाँबचं नावच काढायचं नाही. पहिली चाचणी १६ जुलै १९४५ ला झाली आणि तिचा कोहिमाशी काही संबंध नव्हता. म्हणून या जगातही जपान १९४५ च्या आसपासच कोसळतो. लढाई पाच वर्षं वाढवायची तर दुसरा फाटा लागेल, आणि दोन फाट्यांनंतर वाचकाचा विश्वास उडतो. नासधूस दाखवायला लांबलेली लढाई लागत नाही. तुटलेले रूळ, १९४३ नंतर बंगालवर पुन्हा आलेला दुष्काळ आणि आणखी पिचलेला ब्रिटन यावर दहा वर्षांची गोष्ट उभी राहते.

वस्तूंची वही

प्रत्येक वस्तूला एक पान. पाच रकाने: कुठून येत होती, कोणत्या वाटेने, किती दिवसांचा साठा, बंद झाल्यावर बदली काय, बदलीसाठी कशावर पाणी सोडावं लागतं. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ते पान अर्धवट समजा. ज्वारी, पाणी, कोळसा, सूत, रंग, रॉकेल, मीठ, औषधं एवढी पानं पुरतात.

ज्वारीचं पान असं भरा. शहराची वस्ती दोन लाख आणि माणशी रोज अर्धा किलो धरा. रोज शंभर टन झाले, म्हणजे क्विंटलची हजार पोती. रेल्वे चालू असेल तर पाच वॅगनांत काम भागतं. ती बंद पडली की बैलगाड्या. गाडीत आठ क्विंटल धरले तर रोज सव्वाशे गाड्या. बार्शीहून सत्तर किलोमीटर, तीन दिवस यायला, तीन जायला, एक भरायला-उतरवायला. सात दिवसांची फेरी, म्हणून पावणेनऊशे गाड्या रस्त्यावर. बहुतेकजण इथे थांबतात आणि हिशेब चुकतो, कारण बैलही खातात. बैलाला रोज आठ किलो कडबा धरला तर जोडीला सात दिवसांचा ११२ किलो, म्हणजे गाडीतली एक सप्तमांश जागा कडब्याचीच. उरलेल्या जागेवर तेच शंभर टन आणायचे तर हजारावर गाड्या लागतात. एवढे बैल ऐन रब्बीच्या पेरणीत, सप्टेंबर-ऑक्टोबरात, शेतातून उठवले तर पुढच्या वर्षीची ज्वारी कोण पेरणार? इथून गोष्ट आपोआप सुरू होते.

सुताचं पान फसवं आहे. गिरण्या थांबल्या की हातमाग पुन्हा भरभराटीला येईल, असं वाटतं. पण शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या मागावर चढणारं सूत गिरणीचंच. भोंगा थांबला की मागही थांबतो. चरख्याचं सूत आणायचं तर एका मागाला सात-आठ जणी कातायला लागतात, आणि ते कमी पिळाचं सूत ताण्यात (उभ्या धाग्यात) तुटतं, बाण्यातच (आडव्या धाग्यात) चालतं. ताणा टिकवायचा तर खळ दाट द्यावी लागते. खळ होते पिठाची. ज्या घरात भाकरीला पीठ नाही, तिथे विणकर परातीत पीठ कालवून सुताला पाजतोय आणि पोरं बघतायत. असा प्रसंग एक पुरे, दोन लिहू नका.

रंगांचं थोडक्यात: कृत्रिम रंग आटले की हळद, लाख, पळस, नीळ एवढ्यावर भागवावं लागेल. चादरीतला भडक जांभळा पुसून टाका.

काळाची गफलत

१९५० च्या सोलापुरात उजनीचं पाणी आणू नका, ते धरण १९८० च्या सुमारास पुरं झालं. पाणी हिप्परग्याच्या एकरूख तलावाचं. तुळजापूर आणि नळदुर्ग तेव्हा निजामाकडे, अक्कलकोट वेगळं संस्थान. महाराष्ट्र राज्य १९६० चं, म्हणून आधीच्या पात्राच्या तोंडी ‘आपलं राज्य’ म्हणजे मुंबई इलाखा. युद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून घड्याळं एक तास पुढे केली होती, ती ऑक्टोबर १९४५ मध्ये मागे आली. तुमच्या जगात ती मागे येतात का, ते ठरवा. आली नाहीत तर ‘जुना वेळ की नवा?’ हा प्रश्न रोजच्या बोलण्यात राहील. बोलीचंही तसंच. पूर्व भागात तेलुगू, आणखी कुठे कानडी, दखनी. सगळ्यांना एकसारखी पुस्तकी मराठी दिलीत तर हे सोलापूर उरत नाही.

जे टिकतं, तेही लिहा

सगळंच काळं केलं तर तुटलेलं काही दिसत नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरेलच. नंदीध्वज निघतील, अक्षता पडतील. शोभेचं दारूकाम मात्र होणार नाही. त्या रात्री लोक सवयीने आभाळाकडे बघतात, एवढंच लिहा.

मग तीन प्रसंग लिहून जगाची परीक्षा घ्या: स्टेशन, मंगळवार पेठ आणि एखाद्या खेड्यातलं पेव, म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं तळघर. फाटा, युद्ध, कोहिमा हे शब्द एकाही प्रसंगात येऊ नयेत. पेवाचा प्रसंग नेमका लिहा. तोंड उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नाही, आतल्या कोंदट हवेने माणूस गुदमरून मरतो. ते बराच वेळ उघडं ठेवून, कंदील सोडून बघतात. कंदील विझला तर थांबतात. रेशनचे शिपाई वाट बघायला तयार नाहीत आणि गावकरी गप्प आहेत. उतरायला कोणाला सांगितलं जातं, यावरून त्या जगातली सत्ता कळेल.

हे तिन्ही उभे राहिले की नकाशा काढा. सोलापूर मध्ये ठेवून सत्तर किलोमीटरचं वर्तुळ मारा: बार्शी आणि पंढरपूर कडेला, अक्कलकोट, तुळजापूर, नळदुर्ग आत. तीन राजवटींना तीन रंग द्या. मग वाडीकडून येणाऱ्या रुळावर पेन्सिलीने आठवड्याला किती वॅगन येतात तो आकडा लिहा. पेन्सिलच वापरा, प्रत्येक प्रकरणाला तो बदलणार आहे.