बँकेने उगाच कापलेले पैसे परत कसे मिळवायचे

पहिलं म्हणजे काउंटरवर भांडू नका. समोरच्या माणसाने पैसे कापलेले नसतात, सिस्टीमने कापलेले असतात, आणि तोंडी भांडणाची कुठेच नोंद होत नाही. "मॅनेजर ओळखीचाय, बोलून घेतो" हा नाशकातला लाडका सल्ला पण सोडून द्या, ओळखीवर चहा मिळतो, रिव्हर्सल (कापलेले पैसे खात्यात परत) नाही.

स्टेटमेंट काढा, कापलेल्या रकमांवर खुणा करा. चार्जच्या खाली १८ टक्के जीएसटीची वेगळी ओळ असते, तिच्यावरही करा.

आता प्रत्येक चार्ज काही बेकायदा नसतो, त्यामुळे भांडायचं कशावर ते आधी ठरवा. एटीएमचं सोपं आहे: नाशिक रिझर्व्ह बँकेच्या मेट्रो म्हणजे महानगरांच्या यादीत नाही, म्हणून इथे दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार फुकट, मुंबईत जाऊन काढले तर तीन, आणि नुसता बॅलन्स बघितला तरी तो एक व्यवहार धरतात. मशीनमध्ये कॅश नव्हती किंवा बिघाडाने व्यवहार फेल झाला तर तो मोजायचाच नाही असं रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये सांगून ठेवलंय. ४३६ आणि २० रुपये कापलेले दिसले तर ते चार्ज नाहीत, सरकारी विमा योजनांचे हप्ते आहेत, तुम्ही संमती दिली नसेल तर सरळ संमतीच्या फॉर्मची कॉपी मागा.

सगळ्यात जास्त पैसे जातात ते मिनिमम बॅलन्समध्ये. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कंपनी बदलली की जुनं सॅलरी अकाउंट तसंच पडून राहतं, पगार यायचा थांबला की बँक ते साधं सेव्हिंग करून टाकते आणि मग दंड सुरू. यावर १ एप्रिल २०१५ पासून लागू असलेला रिझर्व्ह बँकेचा नियम असा: बॅलन्स कमी पडला की बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, भरायला किमान एक महिना द्यायचा, दंड जेवढी रक्कम कमी पडली त्या प्रमाणात लावायचा, आणि नुसत्या या दंडामुळे खातं मायनसमध्ये जाता कामा नये. त्यामुळे "आधी मायनस भरा, मग खातं बंद करू" असं शाखेत म्हणाले तर भरू नका, तेच लेखी द्या म्हणा.

आता खरी मेख तक्रार लिहिण्यात आहे, मी पण इथेच बरेच दिवस अडकलो होतो. लोक दोन पानं लिहितात, "गोरगरिबांची लूट", "वीस वर्षांचा ग्राहक", "चार्ज फार जास्त आहे" वगैरे. त्यावर बँकेचं एका ओळीचं छापील उत्तर येतं, चार्जेस नियमाप्रमाणे आहेत, तक्रार बंद. किती चार्ज लावायचा हा बँकेचा व्यावसायिक निर्णय झाला आणि त्यात बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा लोकपालसुद्धा पडत नाही. म्हणून रक्कम जास्त आहे हे लिहूच नका, नियम कुठला मोडला ते लिहा. एवढंच पुरतं: "अमुक तारखेला अमुक रुपये व त्यावरील जीएसटी कापला. बॅलन्स कमी असल्याची सूचना मला कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर किंवा पत्त्यावर पाठवली ते कळवा, रक्कम कशी काढली तो हिशेब द्या, सूचना पाठवली नसल्यास रक्कम जीएसटीसह परत जमा करा." या प्रश्नाला छापील उत्तर देता येत नाही, कारण बऱ्याचदा नंबर जुना असतो नाहीतर सूचना गेलेलीच नसते.

पत्राच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच देत नसतील तर वाद न घालता बँकेच्या नोडल ऑफिसरला (तक्रारी बघणारा वरचा अधिकारी) ईमेल टाका, पत्ता वेबसाइटवर असतो. तक्रार नंबर जपून ठेवा, आणि मधेच फोन करून कोणी "सर नवीन तक्रार टाका, ही क्लोज करतो" म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा, कारण लोकपालाकडे जाण्याआधीचे ३० दिवस पहिल्या तक्रारीपासून मोजायचेत. अर्धे पैसे देऊन मिटवायचा फोन पण येतो, घ्यायचे तर घ्या पण "पूर्ण समाधान झालं" असं लिहून देऊ नका.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर. फी नाही, वकील नको, वकिलामार्फत केली तर उलट घेतच नाहीत. पोच आणि स्टेटमेंट जोडा. उत्तर आलेलं नसताना ३० दिवसांच्या आत टाकली तर बंद होते. आधीच ग्राहक आयोगात गेलात तर तीच तक्रार लोकपाल घेत नाही, म्हणून क्रम उलटा करू नका.

आणि हो, पतसंस्थेचं खातं असेल तर यातलं काही लागू नाही, पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाही, त्यासाठी सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे अर्ज करा.

पैसे जमा झाले की जीएसटीची रक्कम पण आली का बघा, बऱ्याचदा मूळ चार्ज तेवढा देतात. राहिली असेल तर त्याच तक्रार नंबरवर परत लिहा.