ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकसाठी फोर व्हील ड्राइव्ह गाडी कशी निवडावी

मेलबर्न किंवा सिडनीत चार-पाच वर्षे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबाला कधी ना कधी आउटबॅकमधला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या ओसाड, विरळ वस्तीच्या अंतर्भागातला, उलुरू हा प्रचंड लाल खडक पाहण्याची इच्छा होते, आणि त्या इच्छेच्या जोडीने मोठी फोर व्हील ड्राइव्ह गाडी घेण्याचा विषयही घरात निघतो. खरे तर उलुरूला जाण्यासाठी अशा गाडीची गरजच नाही. ॲडलेडच्या उत्तरेकडील पोर्ट ऑगस्टाहून डार्विनला जाणारा स्टुअर्ट हायवे १९८७ पासून संपूर्ण डांबरी आहे, त्यावरून उलुरूकडे वळणारा लॅसिटर हायवेही डांबरी आहे, आणि दारातली साधी सेडानसुद्धा तेथवर नेऊन सुखरूप परत आणते. गाडीचा प्रश्न डांबर संपल्यावर सुरू होतो, आणि डांबराच्या पलीकडचे सगळे रस्ते एकाच जातीचे नसतात.

दक्षिण ऑस्ट्रेलियातला मारी ते मार्ला हा ऊडनाडाटा ट्रॅक सुमारे ६२० किलोमीटरचा आहे. पाऊस नसेल तेव्हा तो बहुतांशी टणक मातीचा आणि खडीचा असतो, त्यामुळे जमिनीपासून बऱ्यापैकी उंच असलेली आणि चांगले टायर असलेली गाडी सबुरीने चालवल्यास तो पार करते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या सुमारे ६६० किलोमीटरच्या गिब रिव्हर रोडवर खडी अधिक धारदार आहे आणि पेन्टेकॉस्टसारख्या नद्या पाण्यातून ओलांडाव्या लागतात. सिम्प्सन वाळवंटाची तऱ्हा याहून वेगळी आहे. तेथे एकामागून एक अशा अकराशेहून अधिक समांतर वाळूच्या टेकड्या आडव्या येतात, आणि पश्चिमेकडून येणाऱ्याला पूर्व टोकाच्या बर्ड्सव्हिल गावाच्या अलीकडे सुमारे ४० मीटर उंचीची ‘बिग रेड’ चढावी लागते. पुढच्या पाच वर्षांत यांपैकी कोणत्या रस्त्यांवर आपण खरोखर जाणार आहोत, हे कागदावर लिहून काढावे आणि गाडी त्या कागदाप्रमाणे निवडावी. वर्षातून एकदा ऊडनाडाटाच्या दर्जाचा रस्ता करायचा असेल, तर सिम्प्सनच्या तयारीची गाडी उरलेले अकरा महिने शाळेच्या फाटकासमोर उभी करण्यात पैशांचा अपव्यय आहे.

सिम्प्सन किंवा त्या तोलाचा मार्ग यादीत असेल, तर ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शहरी गाड्या आपोआप बाद होतात. त्यांच्यात लो रेंज नसते. लो रेंज म्हणजे ट्रान्सफर केसमधली, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे पोचवणाऱ्या पेटीतली, अशी गिअरजोडी, जी गाडीचा वेग साधारण अडीच ते तीन पटींनी कमी करते आणि त्याच प्रमाणात चाकांवरची ओढ वाढवते. तिच्यामुळे भरलेली गाडी मऊ वाळूत क्लच किंवा गिअरबॉक्स न तापवता चढते, आणि दगडी उतारावर ब्रेक न दाबता पावलापावलाने उतरते. तिच्या जोडीला निदान मागच्या डिफरेन्शियलला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या यंत्रणेला, लॉक असावे. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे हवेत अशी गाडी अडकली, की साध्या डिफरेन्शियलमधून सारी ताकद हवेतल्या चाकाकडे जाते आणि ते नुसते गरगरते. लॉक लावले की दोन्ही चाके एकाच गतीने फिरू लागतात. हल्लीची ट्रॅक्शन कंट्रोल प्रणाली गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून हेच काम पुष्कळसे साधते, म्हणून पुढच्या डिफरेन्शियललाही लॉक हवेच, असा हट्ट मी धरणार नाही. ते पैसे टायरांवर घालवावेत.

आता ज्या गोष्टीकडे शोरूममध्ये बहुधा कोणीच पाहत नाही, तिच्याकडे वळतो. इंजिनाची ताकद, टचस्क्रीनचा आकार आणि ३५०० किलो ओढण्याची क्षमता या गोष्टी माहितीपत्रकात ठळक छापलेल्या असतात, मात्र आउटबॅकची गाडी ठरते ती जीव्हीएम या तीन अक्षरांवर. जीव्हीएम म्हणजे माणसे, सामान, पाणी, इंधन आणि बसवलेली सर्व उपकरणे धरून गाडीचे कायद्याने मान्य असलेले कमाल वजन. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उरतो तो पेलोड, आणि मोठ्या कौटुंबिक गाड्यांत तो बहुधा ६०० ते ७५० किलोंच्या आसपास असतो. वजाबाकी करताना रिकाम्या गाडीचा आकडा नीट पाहावा, कारण ‘कर्ब’ वजनात टाकी पूर्ण भरलेली धरतात आणि ‘टेअर’ वजनात केवळ दहा लिटर इंधन धरतात. तेवढ्यानेच हिशेब शंभर किलोंनी चुकू शकतो.

एक उदाहरण मांडून पाहू. आई, वडील आणि दोन मोठी मुले मिळून २६० किलो. पुढचा बुलबार, म्हणजे भक्कम धातूचा कठडा, आणि त्यातली अडकलेली गाडी ओढून काढणारी विंच ९०, कारण संध्याकाळच्या वेळी कांगारू, गुरे आणि उंट रस्त्यावर येतात आणि बुलबार नसेल तर एका धडकेत रेडिएटर जातो. टपावरची रॅक आणि तंबू ९५. मागचे लाकडी खण आणि भरलेला फ्रिज ११०. पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो, आणि चौघांसाठी हे फार नाही, कारण वाळवंटात माणशी रोज किमान पाच ते सात लिटर धरावेच लागते. दुसरी बॅटरी २०. कॅनमधले ४० लिटर डिझेल, कॅनसकट, ४५. दुसरी स्टेपनी ३५. हवा भरण्याचा पंप, हत्यारे, फावडे, वाळूत चाकाखाली घालायच्या पट्ट्या आणि दोर मिळून ४५. स्वयंपाकाची भांडी, खुर्च्या, कपडे आणि आठवड्याचा शिधा ९०. बेरीज ८५० किलो होते, म्हणजे घरातून निघण्यापूर्वीच ही गाडी बहुतेक कौटुंबिक मॉडेलांची मर्यादा ओलांडून गेली. मागे दोन टनांचा कॅम्पर ट्रेलर जोडला, तर त्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा, म्हणजे आणखी २०० किलो, गाडीच्या मागच्या टोकावर येतात आणि तेही पेलोडमध्येच मोजले जातात.

मर्यादेपलीकडे भरलेल्या गाडीचा विमा अपघातानंतर नाकारला जाऊ शकतो, आणि यांत्रिक बाजूनेही तिची किंमत मोजावी लागते. मैलोगणती पन्हाळी पत्र्यासारख्या झालेल्या रस्त्यावर शॉक ॲब्सॉर्बर तापून गळू लागतात, पाटे बसतात, आणि डबल कॅब यूटमध्ये (मागे हौदा असलेल्या पिकअपमध्ये) वजन मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकत असेल तर सांगाडाच वाकतो. पाटे बसू नयेत म्हणून काहीजण त्यांच्यावर हवेच्या पिशव्या बसवून घेतात. सर्व भार त्यामुळे सांगाड्याच्या एकाच बिंदूवर येतो, आणि गाडी नेमकी तेथेच मोडते. वजन कमी करणे शक्य नसेल, तर मान्यताप्राप्त पद्धतीने जीव्हीएम वाढवून घ्यावे, आणि नवी गाडी असेल तर हे काम पहिल्या नोंदणीपूर्वी करून घ्यावे. ते एकदा झाले की कोणत्याही राज्यात पुन्हा कागदपत्रांचा घोळ उरत नाही. आम्ही स्वतः पहिल्या प्रवासापूर्वी भरलेली गाडी सार्वजनिक वजनकाट्यावर नेली होती. पावती पाहिल्यावर टपावरचा तंबू त्याच दिवशी उतरवला आणि जमिनीवरचा साधा तंबू घेतला, त्याचा पश्चात्ताप अजून झालेला नाही.

इंधनाचा विचारही गाडी घेण्यापूर्वीच करावा. सिम्प्सनच्या पश्चिमेकडच्या माउंट डेअरपासून बर्ड्सव्हिलपर्यंत पाचशेहून अधिक किलोमीटर एकही पंप नाही. डांबरावर शंभर किलोमीटरला ११-१२ लिटर पिणारी डिझेल गाडी वाळूत सहज २० लिटर पिते, म्हणजे ५५० किलोमीटरला ११० लिटर, आणि टेकडीवर तीन-तीनदा प्रयत्न करणे किंवा वाट बंद निघाल्याने मागे फिरणे गृहीत धरून तिसरा हिस्सा वर ठेवला, तर दीडशे लिटरच्या आसपास इंधन जवळ हवे. या कसोटीवर जुन्या पिढीची प्राडो १५० लिटरच्या दोन टाक्यांमुळे आणि लँडक्रूझर ट्रूप कॅरियर १८० लिटरच्या टाक्यांमुळे उठून दिसते, तर जिम्नी कितीही चपळ असली तरी ४० लिटरच्या टाकीमुळे कॅनांच्या भरवशावर राहते. निसान पॅट्रोलचे मोठे पेट्रोल इंजिन वाळूत ओढायला सुरेख आहे, आणि तिची टाकीही १४० लिटरची आहे, परंतु ती तेवढ्याच सढळ हाताने पिते. शिवाय तिला किमान ९५ ऑक्टेनचे पेट्रोल लागते. दुर्गम वस्त्यांमध्ये पेट्रोल हुंगण्याचे व्यसन रोखण्यासाठी साध्या पेट्रोलऐवजी ‘ओपल’ या नावाने ओळखले गेलेले, नशा आणणारी ‘ॲरोमॅटिक’ संयुगे कमी असलेले ९१ ऑक्टेन पेट्रोल विकतात, आणि अनेक ठिकाणी त्याखेरीज दुसरे पेट्रोल मिळत नाही. डिझेल मात्र जवळजवळ सर्वत्र मिळते. नव्या डिझेल गाड्यांपैकी काहींना धुरातले प्रदूषण कमी करणारे ॲडब्लू नावाचे द्रवही लागते, तेव्हा ते किती पुरते हे विचारून ठेवावे.

टायरांच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट लक्षात येते. एकाच गाडीचे सर्वांत महाग मॉडेल आउटबॅकसाठी बहुधा सर्वांत गैरसोयीचे असते, कारण त्याला मोठ्या व्यासाच्या, दिसायला देखण्या रिम असतात आणि त्यामुळे टायरची भिंत अगदी अरुंद उरते. वाळूत टायर १६-१८ पीएसआयपर्यंत उतरवला की तो लांबट होऊन पसरला पाहिजे, आणि त्यासाठी उंच भिंत हवी. १७ इंची रिम घ्यावी, आणि २६५/६५ आर १७ यासारखे प्रचलित माप असेल तर वाटेतल्या रोडहाउसमध्ये बदली टायर मिळण्याची शक्यता अधिक असते. टायर हलक्या ट्रकच्या बांधणीचे, म्हणजे ‘एलटी’ खुणेचे असावेत. खडीवर हवा २६-३० पीएसआयपर्यंत कमी करून वेगही त्याच प्रमाणात उतरवला, तर पंक्चर पुष्कळ टळतात. मागच्या तळाखाली बारीक स्टेपनी दिलेली गाडी या कामासाठी घेऊच नये.

दुरुस्तीच्या दृष्टीने पाहता, आउटबॅकमध्ये टोयोटाचे एवढे प्रस्थ का आहे, हे कोणत्याही खाणवस्तीचे वाहनतळ पाहिल्यावर कळते. १९८४ पासून बनणारी लँडक्रूझरची ७० सिरीज आजही तेथे शेकड्यांनी दिसते, आणि जी गाडी मेकॅनिकच्या रोजच्या हाताखालची आहे तिचा सुटा भाग दोन दिवसांत येतो. इसुझु डी-मॅक्स, फोर्ड रेंजर आणि हायलक्स यांचीही स्थिती बरी आहे. आपल्याकडच्या वाचकांना महिंद्राविषयी आपुलकी वाटणे स्वाभाविक आहे. चाकणला बनणारी स्कॉर्पिओ येथे लो रेंजसह आणि पुष्कळ कमी किमतीत मिळते, परंतु तिची टाकी ५७ लिटरची आहे आणि २०२३ मध्ये ॲनकॅपच्या सुरक्षा चाचणीत तिला एकही तारा मिळाला नाही. ऊडनाडाटासारख्या रस्त्यांसाठी तिचा विचार करता येईल, सिम्प्सनसाठी मी करणार नाही.

जुनी गाडी घेणार असाल, तर ती धुतलेली पाहू नका, निदान धुतलेल्या भागांवर विसंबू नका. दाराची रबरी पट्टी बोटाने बाजूला करावी, सीटखालचा गालिचा उचलावा आणि मागच्या दिव्याचा एक स्क्रू सोडवून आत पाहावे. आउटबॅकची लाल धूळ पिठासारखी बारीक असते आणि कोणत्याही धुण्याने या तीन जागांमधून ती पूर्णपणे निघत नाही. धूळ असणे हा दोष नव्हे. पण एअर फिल्टरच्या डब्यात, फिल्टरच्या इंजिनाकडील बाजूला, बोट फिरवल्यावर लाल रेघ उमटली, तर ती धूळ इंजिनात गेलेली आहे आणि तो व्यवहार तेथेच सोडावा. त्यानंतर गाडीखाली झोपून, टॉर्च लावून, पाट्यांचे आणि शॉक ॲब्सॉर्बरचे टेकू ज्या ठिकाणी सांगाड्याला जोडलेले असतात तेथे पाहावे. तड्याची सुरुवात केसासारख्या बारीक गंजलेल्या रेषेने होते, आणि त्या जागेवर ताजा काळा रंग मारलेला दिसला तर तो खरवडून पाहण्याची परवानगी मागावी. सायलेन्सरच्या वरच्या फटींत स्पिनिफेक्स गवताचे सुके बी अडकलेले असेल, तर मालकाने गाडीची खालून निगा घेतलेली नाही असे समजावे, कारण हेच बी तापलेल्या सायलेन्सरवर पेटून गाड्या जळतात.

चाचणीफेरी डांबरावर उरकू नये. विक्रेत्याच्या आवारात किंवा जवळपास मोकळी माती अथवा गवत शोधावे, गाडी थांबवून गिअर न्यूट्रलमध्ये आणावा, लो रेंज टाकावी आणि डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकणे थांबून स्थिर होईपर्यंत वाट पाहावी. मग मागचे लॉक लावून हळूहळू गोल वळण घ्यावे. लॉक खरोखर लागले असेल तर गाडी वळायला कुरकुरते आणि आतल्या बाजूचे मागचे चाक माती ओरबाडत घसटते. ज्या गाडीची लो रेंज वर्षानुवर्षे वापरलेली नाही तिचा दिवा बहुधा लुकलुकतच राहतो. शेवटी पीपीएसआर या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत काही डॉलर भरून त्या गाडीवर कर्ज आहे का आणि ती कधी अपघातात मोडीत काढली गेली होती का, हे तपासावे, आणि मगच किमतीची बोलणी सुरू करावीत.