बीडीएसला (दंतवैद्यकाच्या पदवीला) आलात? दात आणि जबडा एकत्र वाचा

पहिल्या वर्षी डेंटल ॲनाटॉमीत दात उगवण्याचा तक्ता पाठ होतो आणि जबड्याची वाढ नीट समोर येते ती पुढे ऑर्थोला, म्हणजे वाकडे दात सरळ करण्याच्या विषयाला. मधल्या काळात दोन्हींचा संबंधच तुटतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, ते दोन्ही धडे पहिल्यापासून शेजारी ठेवा.

पहिली पक्की दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, दुसरी बाराव्या. एवढं अंतर का? मागे जागा व्हावी लागते. खालच्या जबड्याच्या उभ्या भागाची पुढची कड झिजत जाते, मागे नवं हाड चढतं आणि दाढांची ओळ लांबते. जॉन हंटरने हे अठराव्या शतकातच ओळखलं होतं. ही जागा अपुरी पडली की अक्कलदाढ अडकते.

उलट बाजू तितकीच महत्त्वाची आहे. दात धरून ठेवणारं हाड दातांमुळेच घडतं. जन्मतः दातच नसलेल्या मुलांचा जबडा बऱ्यापैकी वाढतो, पण हिरडीखालचा हा बांध उभाच राहत नाही, कडेला बारीक धार तेवढी असते.

मुंबईत शिकताय याचा फायदा घ्या. सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज असो वा मुंबई सेंट्रलचं नायर, पेडोच्या (लहान मुलांच्या दातांच्या) ओपीडीत केसपेपर घेऊन मुलांची रांगच लागते. तिथे आठ-नऊ वर्षांचं असं मूल हमखास भेटतं, ज्याची खालची दुधाची दाढ किडून लवकर काढलेली असते. आई म्हणते, "दुधाचीच होती ना डॉक्टर, पडणारच होती." तोंडात बघा: मागची पक्की दाढ पुढे कललेली, मोकळी जागा आक्रसलेली. मग ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, उजेडावर धरा. हाडात त्या दुधाच्या दाढेच्या जागी येणारी पक्की छोटी दाढ तयार होतेय, मूळ अर्धंअधिक झालंय आणि वर यायला वाट नाही. वेळेवर स्पेस मेंटेनर (जागा धरून ठेवणारं साधन) बसला असता तर ही जागा राहिली असती. त्या आईला हे साध्या मराठीत समजावता आलं पाहिजे; व्हायवापेक्षा (तोंडी परीक्षेपेक्षा) मला ते जास्त मोलाचं वाटतं.

वरच्या पुढच्या दातांतली फट मात्र वेगळी. पक्के सुळे उतरले की ती बहुतेक वेळा आपोआप मिटते, तार लावायची घाई नको.

विभागात जुन्या केसेसची प्लास्टर मॉडेल्स असतात. मॅडमना विचारून एकाच मुलाची वेगवेगळ्या वयांची मागून घ्या आणि दुधाचा सुळा आणि दोन दाढा यांची एकत्र रुंदी व्हर्नियरने (बारीक मोजपट्टीने) मोजा. खाली त्यांच्या जागी येणारे तीन दात मिळून अरुंद असतात, म्हणून प्रत्येक बाजूला सरासरी 1.7 मिलिमीटर जागा उरते. पहिली पक्की दाढ पुढे सरकते ती त्याच जागेत.